अबोल माणसाला किशोरांचा गट सांभाळता येईल?

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. पुढे किशोरवयीन मुलांसाठी ग्रुप थेरपी घ्यायची इच्छा आहे. पण मी स्वभावाने अबोल. दहा-बारा मुलांसमोर माझा निभाव लागेल का? तयारी काय करू?

उत्तर : अबोलपणाचं फार मनावर घेऊ नका. या कामात फार बोलणाराच जास्त अडचणीत येतो. समजा, एखादी मुलगी विचारते, "नेहमी माझंच चुकतं का?" आणि सगळे तुमच्याकडे बघतात. नवखा थेरपिस्ट लगेच समजूत घालू लागतो आणि गटाचा वर्ग होऊन जातो. त्याऐवजी तुम्ही एवढंच विचारलंत, "असं आणखी कुणाला वाटतं?" तर इतका वेळ बुटाच्या लेसशी चाळा करणारा एखादा मुलगा मान खाली ठेवूनच म्हणेल, "मला. रोज." आपण एकटेच असे नाही, हे कळणं अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गट-उपचाराच्या गुणकारी घटकांमध्ये गणलं आहे. या वयात ते बरोबरीच्या मुलाकडूनच पटतं.

मात्र गटाने नुकसानही होतं. मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की बेशिस्त वागणाऱ्या मुलांनाच एकत्र बसवलं तर काही वेळा त्यांचं वागणं आणखी बिघडतं. सोबत्यांच्या हशाने त्यांना चेव येतो. म्हणून गट सुरू होण्याआधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलून निवड करायची. दहा-बारा जण नकोतच, सहा ते आठ पुरेत. स्वतःला इजा कशी केली याचं वर्णन कुणी रंगवू लागलं, तर तिथल्या तिथे थांबवायचं. इथे मात्र अबोल राहून चालत नाही, आणि तुमचा सराव याचाच हवा. इथलं बोलणं इथेच राहील, पण जिवाला धोका दिसला तर मोठ्यांना सांगावं लागेल, हेही पहिल्याच बैठकीत स्पष्ट करायचं. नंतर सांगितलं तर मुलांना तो दगा वाटतो.

एम.ए.नंतर देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण घ्या, आधी एकेका मुलासोबत काम करा. मग अनुभवी व्यक्तीच्या जोडीला सह-थेरपिस्ट म्हणून एक गट पहिल्यापासून शेवटपर्यंत करा. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र यासाठी अपुरं आहे. इंटर्नशिपच्या मुलाखतीत जरूर विचारा, की प्रत्येक बैठकीनंतर सुपरव्हायझर चर्चेला वेळ देतात का. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी जागा बघा.