चुकांची वही

"परवा दूध उतू गेले, काल फ्रिजवर ठेवलेला चष्मा घरभर शोधला, आणि ओळखीच्या माणसाचे नाव तर हल्ली वेळेवर आठवतच नाही, ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नसेल ना?" साठीच्या आसपासची माणसे हा प्रश्न फार वेळा विचारतात आणि विचारताना त्यांच्या आवाजात धास्ती असते. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याचा अल्झायमर ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांची धास्ती तर अगदी समजण्याजोगी आहे. अशाच एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे. त्यांच्या चुका किरकोळच होत्या. प्रत्येक चुकीनंतर त्यांनी जे केले, त्यात त्यांच्या त्रासाचे मूळ सापडले.

हे गृहस्थ सांगलीचे, वय 61, बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. पत्नीसोबत माझ्याकडे समुपदेशनासाठी आले आणि खुर्चीवर बसताच त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. आत पट्टीने आखलेले चार रकाने होते: तारीख, चूक, नुकसान आणि कारण. 'दूध उतू गेले. अंदाजे पाव लिटर. कारण: बेफिकिरी.' 'शहर बसमध्ये छत्री राहिली. रु. 350. कारण: विसरभोळेपणा.' 'भडंगात मीठ दोनदा पडले. सर्व टाकून दिले. कारण: डोके ठिकाणावर नाही.' अक्षर सुवाच्य होते आणि खाडाखोड कोठेही नव्हती. ज्या दिवशी काही चुकले नाही, त्या दिवसापुढे त्यांनी 'निरंक' असे लिहिले होते.

रोखपालाच्या कामाची ज्यांना कल्पना आहे, त्यांना ही वही विचित्र वाटणार नाही. दिवसअखेर नोटा मोजून रोकड रुपयापर्यंत जुळवावी लागते. कमी भरली तर तेवढी रक्कम रोखपालाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. असे काम आयुष्यभर चोख करणाऱ्या माणसाला आपल्या हातून चूक होऊ शकते, हा विचारच सहन होत नाही, आणि निवृत्तीनंतर जेव्हा मोजायला नोटा उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःला मोजायला सुरुवात केली होती.

अशा तक्रारीवर 'वयामुळे होते, मनावर घेऊ नका' असे सांगून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. आधी शरीराची तपासणी झालीच पाहिजे. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, अपुरी झोप, कमी झालेले ऐकू येणे, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि नैराश्य, यांपैकी कशानेही विसरायला होते, आणि यांतील बहुतेक कारणांवर उपाय आहेत. आमच्या या गृहस्थांचे बी-12 बरेच कमी निघाले. ते शाकाहारी आहेत आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेत आहेत. या औषधाने बी-12 कमी होऊ शकते. डॉक्टरांनी त्यावर उपचार सुरू केले आणि स्मरणशक्तीची 30 गुणांची प्राथमिक चाचणीही घेतली. त्यांना 28 गुण मिळाले. ऐकवलेल्या पाच शब्दांपैकी दोन शब्द काही वेळाने त्यांना आठवले नव्हते, आणि त्या दोन गुणांची हळहळ ते पुढे कितीतरी दिवस व्यक्त करत राहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. किल्ली कोठे ठेवली हे विसरणे, नाव उशिरा आठवणे, एखाद्या खोलीत कशासाठी आलो हे क्षणभर न कळणे, हे वाढत्या वयात सर्रास घडते. मात्र थोड्या थोड्या वेळाने तोच प्रश्न विचारणे आणि तो आधी विचारल्याची जाणीवच नसणे, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, वर्षानुवर्षे केलेला पैशांचा हिशेब अचानक न जमणे, स्वभावात घरच्यांना चटकन जाणवेल असा पालट होणे, ही लक्षणे वेगळी आहेत. ती दिसली तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. स्मृतिभ्रंशाचे निदान करताना रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे करता येतात की नाही, हे पाहिले जाते, आणि अनेकदा रुग्णापेक्षा घरच्यांनाच हा बदल आधी जाणवतो. या गृहस्थांच्या घरी उलट होते. विजेचे बिल, पेन्शनचा हिशेब, औषधांच्या वेळा, सारे ते बिनचूक सांभाळत होते, आणि छत्री कोणत्या बसमध्ये, कोणत्या बाकावर राहिली, हे त्यांनी वही न उघडता मला सांगितले. बदल जाणवत होता तो फक्त त्यांनाच.

पुढच्या भेटीत त्यांच्या पत्नी, ज्या एरवी फारशा बोलत नसत, वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मॅडम, यात एक लिहिलेलं नाही. छत्री गेली, तेव्हापासून हे हरिपूरला गेलेच नाहीत."

मग त्या सांगत गेल्या आणि मी ऐकत गेले. दर शनिवारी हे हरिपूरला जात, कृष्णा आणि वारणा जेथे एकत्र येतात त्या संगमावर बसत, संगमेश्वराचे दर्शन घेत, टपरीवर चहा पीत आणि बँकेतल्या दोन जुन्या मित्रांशी गप्पा मारून दिवेलागणीला घरी परतत. छत्री हरवली आणि शनिवार बंद झाला. सकाळचा पहिला चहा घरात तेच करत. आले ठेचण्यापासून कप विसळण्यापर्यंत कोणाला हात लावू देत नसत. दूध उतू गेले आणि चहा पत्नीकडे गेला. रविवारी भडंग करण्याचा त्यांचा मोठा थाट असे: तेलात शेंगदाणे खरपूस तळायचे, मग लसूण आणि कढीपत्ता, मग मसाला, शेवटी चुरमुरे, आणि तो पितळी डबा भरून ठेवायचा. मीठ दोनदा पडले आणि डबा माळ्यावर गेला. नाटकाची तारीख पाहण्यात त्यांची गफलत झाली, दोन तिकिटे वाया गेली आणि त्यानंतर त्यांनी नाटकाची जाहिरात वाचणेही सोडले. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली मराठी रंगभूमीचा पाया ज्या गावात घातला, त्या सांगलीच्या माणसाने तारखेच्या एका घोळापायी नाटक सोडावे, याचे मला फार वाईट वाटले.

नुकसानाच्या रकान्यात पाव लिटर दूध होते, 350 रुपये होते. शनिवारची संध्याकाळ मात्र कोठेही नव्हती. प्रत्येक लहान चुकीच्या बदल्यात त्यांनी एकेक लहान आनंद सोडून दिला होता, आणि चार महिन्यांत दिवसभरात स्वतःहून, आवडीने करावे असे जवळजवळ काहीच शिल्लक उरले नव्हते. मोकळा झालेला वेळ आपण आता काय विसरलो, हे तपासण्यात जात होता. रात्री तीनला जाग येत होती, अपुऱ्या झोपेमुळे सकाळी लक्ष लागत नव्हते, लक्ष नसल्यामुळे पुन्हा काहीतरी चुकत होते, आणि ते वहीत चढत होते.

अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी 1970 च्या दशकात नैराश्याविषयी जे मांडले, ते मला या कामात अनेकदा आठवते. रोजच्या जगण्यातून मिळणारे लहानसहान सुखद अनुभव आटले की मन खचते, मन खचले की माणूस आणखी गोष्टी सोडतो, आणि सुख आणखी आटते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा सुखद गोष्टींची 320 बाबींची यादी तयार केली होती. त्यावर आधारलेल्या उपचारपद्धतीत मनाला उभारी येईपर्यंत थांबायचे नसते. आधी कृती करायची आणि मनाला मागून येऊ द्यायचे, असा क्रम असतो. आपल्याकडे 'मन रमले तर करीन' असे म्हणण्याची सवय आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी पुष्कळ माणसे अडकून राहतात.

मी त्यांना विचारले, "बँकेत रोकड कमी भरली तर तुम्ही लिहिता. जास्त भरली तर?"

"तीही लिहायचीच. वेगळ्या खात्यात दाखवायची. न दाखवणं हासुद्धा गुन्हाच," ते तत्काळ म्हणाले.

"मग या वहीत जास्तीची नोंद कुठे आहे?"

त्यांनी वही स्वतःकडे ओढून बराच वेळ चाळली आणि 'निरंक' लिहिलेल्या एका तारखेवर बोट ठेवले. त्या दिवशी नात पुण्याहून आली होती आणि दुपारभर दोघे पत्ते खेळले होते. दुसऱ्या एका 'निरंक' दिवशी शेजाऱ्याच्या मुलाला त्यांनी चक्रवाढ व्याज शिकवले होते आणि त्याला ते समजले होते. त्यांच्याच कामाच्या शिस्तीने पाहिले तरी त्यांचा हिशेब अपुरा होता, आणि हे पटायला त्यांना माझ्या स्पष्टीकरणाची गरज पडली नाही.

वही बंद करा, असे मी सांगितले नाही. नोंद ठेवणे हा त्यांचा पिंड आहे आणि त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोनच बदल केले. 'कारण' हा रकाना काढून तेथे 'त्या वेळी लक्ष कोठे होते' असे लिहायचे, आणि शेजारी 'जादा' हा नवा रकाना आखायचा. जुन्या नोंदी या प्रश्नाने पुन्हा तपासल्या तेव्हा बरेच उलगडले. दूध तापत असताना मुलीचा व्हिडिओ कॉल आला होता. भडंगात मीठ घातले त्याच वेळी मेहुणे दाराशी आले होते. बसमधून उतरताना पाऊस थांबलेला होता, आणि पाऊस थांबल्यावर छत्री भल्याभल्यांच्या हातून राहते. ज्या क्षणी लक्षच दुसरीकडे असते, त्या क्षणाची आठवण मुळात तयारच होत नाही. अशा गोष्टीला स्मरणशक्तीचा दोष म्हणणे अन्यायाचे आहे.

त्यानंतर सोडलेल्या गोष्टी एकेक करून परत घ्यायच्या, हे ठरले. चहापासून सुरुवात केली, आणि दूध गॅसवर असेपर्यंत फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा, एवढाच नियम केला. "आणि पुन्हा उतू गेलं तर?" असे त्यांनी अतिशय गांभीर्याने विचारले. "तर ओटा पुसायचा आणि दुसरं दूध ठेवायचं. चहा मात्र तुम्हीच करायचा," असे मी म्हटले. भडंगासाठी मसाला आणि मीठ गॅस पेटवण्याआधीच वाटीत मोजून ठेवायचे. वाटी रिकामी दिसली की मीठ पडलेले आहे, शंका घ्यायला जागाच नाही. सुरुवातीला ते या गोष्टी मन मारून करत होते. 'जादा'च्या रकान्यात पहिले काही दिवस 'चहा केला, ठीक' इतकेच असे. पुढे 'आले जास्त पडले, हिला आवडले' असे येऊ लागले.

हरिपूरला मात्र ते लवकर जाईनात. शेवटी एका शनिवारी गेले आणि परतताना टपरीवरच्या बाकावर चष्मा विसरले. हे मला सांगताना ते थोडे चाचरत होते, पण हकीकत संपूर्ण ऐकल्यावर मला आनंदच झाला. बस सुटण्याआधी त्यांच्या लक्षात आले, ते मागे फिरले, टपरीवाल्याने चष्मा उचलून ठेवला होता, त्याच्याकडे त्यांनी आणखी एक चहा घेतला, पुढच्या बसने घरी आले, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी ते पुन्हा गेले. चूक आधीसारखीच होती, पण या वेळी तिच्यापायी काही बंद पडले नाही, आणि मला त्यांच्यात हाच बदल पाहायचा होता.

घरच्यांशीही बोलावे लागले. पुण्याची मुलगी प्रेमापोटी रोज फोनवर "बाबा, आज वार कोणता? दुपारी काय जेवलात?" असे विचारून त्यांची परीक्षा घेत असे, आणि फोन वाजला की त्यांच्या छातीत धडधडत असे. पत्नीने दमणूक नको म्हणून त्यांच्या हातातली कामे हळूहळू स्वतःकडे घेतली होती. दोघींची माया खरी होती, परंतु तिचा अर्थ 'आता तुमच्यावर विसंबता येत नाही' असाच त्यांच्यापर्यंत पोहोचत होता. वडीलधाऱ्यांच्या हातून कप फुटला तर कप बदलावा, काम काढून घेऊ नये, असे मी दोघींना सांगितले. मुलीने वार विचारणे सोडून नातीच्या गणिताच्या शंका बाबांकडे पाठवायला सुरुवात केली, आणि ही कल्पना तिची स्वतःची होती.

ज्यांच्या गावात समुपदेशक नाही, त्यांना केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक उपलब्ध आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. काळजी मनात दाबून ठेवून महिनोन्‌महिने स्वतःची झडती घेत बसण्यापेक्षा एक फोन करणे केव्हाही चांगले.

या गृहस्थांना आजही नावे उशिरा आठवतात, आणि कदाचित पुढेही तसेच राहील. झोप सुधारली आहे, बी-12 डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे, आणि 30 गुणांची ती चाचणी वर्षाने पुन्हा करायची, असे ठरले आहे. 28 पेक्षा कमी गुण आले तर काय, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि आम्ही तो टाळला नाही. तसे झाले तर पुढच्या तपासण्या कोणत्या, कोणाकडे जायचे, मुलीला केव्हा बोलवायचे, हे त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर क्रमाने लिहून घेतले, आणि मग भावे नाट्यमंदिरातल्या प्रयोगाची वेळ झाली म्हणून दोघे उठले.