वाचकांचे प्रश्न : परदेशातली दिवाळी

प्रश्न : आम्ही म्युनिकमध्ये राहतो. यंदाही दिवाळीला पुण्याला येणं जमणार नाही. मागच्या वर्षी आईने दिलेल्या भाजणीच्या चकल्या केल्या. कढईतून काढल्या तेव्हा कुरकुरीत होत्या, दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या. काय चुकलं?

उत्तर : त्याच भाजणीच्या चकल्या पुण्याच्या घरी नीट होत असतील तर दोष बहुधा तापमानाचा आहे. काचेच्या विजेच्या शेगडीचं बटण खाली फिरवलं तरी काच बराच वेळ तापलेली राहते. तेल कडक होतं, चकली वरून पटकन लाल होते आणि आत ओलावा राहतो. रात्रभरात तोच ओलावा वरच्या कडक भागात मुरतो.

कढई सपाट बुडाची, जाड घ्या. गोल बुडाची काचेवर नीट टेकत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर आणाच, फार महाग नसतो. तेल १७० अंशांवर आलं की चकल्या सोडा, एका वेळी चारच. जास्त सोडल्या तर तेल एकदम निवतं आणि चकल्या तेल पितात. तेल फार तापलं तर बटणाशी खेळत बसू नका, शेगडीच बंद करा आणि तेल उतरेपर्यंत थांबा. गरम तेलाची कढई उचलायची नाही. आणि रंगावर जाऊ नका, बुडबुडे बघा : सुरुवातीला चकलीभोवती फेसच फेस असतो, तो जवळजवळ थांबला की आतलं पाणी गेलं. मगच काढा. डब्यात भरायच्या त्या पूर्ण गार झाल्यावर. कोमट असताना झाकण लावलं तर वाफ धरते.

उकडीसाठी २ वाट्या भाजणीला २ वाट्या पाणी, २ टेबलस्पून तेल, मीठ, तिखट, तीळ, ओवा. पाणी उकळलं की शेगडी बंद करून भाजणी घाला, ढवळा, अर्धा तास झाका. थंडीत उकड लवकर सुकते, म्हणून साच्यापुरतीच मळा, बाकीची ओल्या फडक्याखाली ठेवा. पिळताना तुटली तर कोमट पाण्याचा हात लावा. तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी मिसळा.

तळताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी. पॅसेजमधला धुराचा अलार्म काढून ठेवू नका.

प्रश्न : लक्ष्मीपूजन भारतातल्या कॅलेंडरप्रमाणे करायचं की इथल्या?

उत्तर : तिथल्या, म्हणजे म्युनिकच्या सूर्यास्ताप्रमाणे. अमावास्या जगभर एकाच क्षणी लागते, पण पूजा प्रदोषकाळी, म्हणजे तुमच्याकडच्या सूर्यास्तानंतर असते. २०२४ मध्ये अमावास्या भारतीय वेळेनुसार ३१ ऑक्टोबरला दुपारी ३.५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६.१६ ला संपली. महाराष्ट्रातल्या दिनदर्शिकांत पूजा १ नोव्हेंबरला होती. म्युनिकमध्ये मात्र त्या दिवशी दुपारी पावणेदोनलाच अमावास्या संपली होती, म्हणून तिथे ३१ ची संध्याकाळच योग्य. हिशेब करताना एक सांभाळा : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं एक तास मागे जातात, आणि भारताशी फरक साडेतीन तासांचा साडेचार होतो. दिवाळी कधी त्याच्या अलीकडे येते, कधी पलीकडे.

प्रश्न : सासूबाई येताना घरचं साजूक तूप आणि पेढे आणणार आहेत. चालतील?

उत्तर : नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. कस्टममध्ये काढून घेतात. त्यांना भाजणी आणि चकलीचा साचा आणायला सांगा. तूप तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवा, २५० ग्रॅमचं साधारण २०० ग्रॅम निघतं, आणि बेसनाचे लाडू त्याच तुपात छान वळतात.