जुने कमिट आहेत तसे राहू दे

पायथन कोडची मांडणी एकसारखी करणारं ब्लॅक हे साधन गिटमधल्या सगळ्या जुन्या कमिटवर, म्हणजे आधी नोंदवलेल्या बदलांवर, चालवायचा विचार सोडून दे. इतिहास नव्याने लिहिणाऱ्या फिल्टर-ब्रांच या कमांडने ते जमतं, पण प्रत्येक कमिटच्या हॅशमध्ये, म्हणजे त्याच्या ओळखखुणेत, मागच्या कमिटचा हॅश मिसळलेला असतो, म्हणून एक बदलला की पुढचे सगळे बदलतात. सहकाऱ्यांच्या ब्रांच लटकतात, तिकिटांत नोंदवलेले हॅश सापडेनासे होतात. एवढी किंमत मोकळ्या जागा आणि अवतरणचिन्हांसाठी मोजायची नसते.

त्यापेक्षा फॉरमॅटिंगचा एकच वेगळा कमिट कर. त्यात लॉजिकची एक ओळसुद्धा घुसवू नकोस, तपासणाऱ्याला ती दिसणारच नाही.

ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या यादीत, प्रत्येक ओळीपुढे तुझंच नाव येईल ही भीती रास्त आहे, पण गिट 2.23 मध्ये, म्हणजे 2019 साली, असा कमिट ब्लेममध्ये वगळायची सोय आली. रेपोच्या, म्हणजे प्रकल्पाच्या फोल्डरच्या, मुळाशी ‘.git-blame-ignore-revs’ फाइल ठेव, त्यात त्या कमिटचा पूर्ण 40 अक्षरी हॅश लिही आणि ‘blame.ignoreRevsFile’ या सेटिंगला तिचं नाव दे. गिटहब ती आपोआप वाचतं. हॅश मात्र कमिट मुख्य ब्रांचमध्ये मर्ज झाल्यावरच नोंदव. मी घाईत आधी नोंदवला, स्क्वॉश मर्जमध्ये, म्हणजे ब्रांचचे सगळे कमिट एका नव्या कमिटमध्ये दाबताना, तो बदलला आणि पुढे कित्येक दिवस दुसऱ्यांच्या बगसाठी लोक मलाच विचारत होते.

आणि हो, ब्लॅकची आवृत्ती आजच पक्की करून ठेव, नाहीतर नवी आवृत्ती फॉरमॅटिंग पुन्हा बदलू शकते.