आधी मूळ ओळ उघड

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. सफरचंदावरचा लेख अर्ध्यावर सोडून द्यावा असे तुला वाटू लागले आहे. बायबलमधल्या एदेन बागेत आदाम-हव्वेने खाल्लेले फळ सफरचंद होते असे शास्त्रात कोठेच लिहिलेले नाही हे तुला कळले, ‘रोज एक सफरचंद खा, डॉक्टरला दूर ठेवा’ हे प्राचीन वचन नाही हेही कळले, आणि आता लिहिण्यासारखे उरले काय, असे तू विचारतेस. तुला धीर देण्यात मी शाई घालवत नाही, कारण तुला लिहिता येते हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. मला राग एवढ्याचाच आला, की दोन ठिकाणी मूळ ओळ उघडून पाहिल्यावर तू तिसऱ्या ठिकाणी ती उघडलीच नाहीस.

म्हणीचेच घे. ती छापलेली सापडते 1866 साली, वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरची म्हण म्हणून, आणि तिचे तेव्हाचे रूप असे होते: रात्री निजण्यापूर्वी सफरचंद खा, म्हणजे वैद्याची भाकरी बुडेल. आज आपल्या तोंडी असलेले रूप त्यानंतरचे आहे. ती जुनी ओळ नीट वाच. तिच्यात जीवनसत्त्व नाही (तो शब्दच 1912 साली घडला), तंतुमय पदार्थ नाहीत. तिचा सारा रोख वैद्याच्या मिळकतीवर आहे. आपल्याकडच्या ‘वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर’ या सुभाषितातला वैद्य प्राणांबरोबर धनही नेतो, तोच हा खोडसाळपणा. गरिबाने दाराशी पिकलेले फळ खाऊन फी वाचवली, एवढाच त्या म्हणीचा आनंद होता. पुढे लोकांनी ती आहारशास्त्राच्या गळ्यात बांधली.

म्हण तपासूनही झाली आहे. 2015 च्या 30 मार्चला, ‘एप्रिल फूल’च्या तोंडावर, एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 8,399 प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 753 जण रोज सफरचंद खाणारे होते. शिक्षण, धूम्रपान यांसारखे फरक हिशेबात घेतल्यावर त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या इतरांहून कमी आढळल्या नाहीत. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांपासून मात्र ते किंचित अधिक प्रमाणात दूर होते. तू ‘म्हण खोटी ठरली’ असे लिहिले आहेस, ते खोड. तारीख पाहा, संशोधकांचा मिस्किलपणा पाहा, आणि मग त्यांनी म्हटले तेवढेच लिही. पेरूचा परिच्छेद मात्र ठेव. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते आणि सफरचंदात जेमतेम पाच. तरीही आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदेच नेतो, हे निरीक्षण तुझे स्वतःचे आहे आणि ते खरे आहे.

आता एदेन. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात हिब्रू शब्द आहे ‘पेरी’, म्हणजे फळ. आपले मराठी बायबलही ‘फळ’च म्हणते. ते झाड कोणते यावर ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात धर्मपंडितांचा वाद आहे: एक द्राक्ष म्हणतो, एक गहू, आणि एक अंजीर, कारण ज्याने पाप घडले त्याच्याच पानांनी आदाम-हव्वेने अंग झाकले. लॅटिनमध्ये सफरचंद आणि वाईट हे दोन्ही शब्द ‘मालुम’ असल्यामुळे घोटाळा झाला, असे तू मोठ्या विश्वासाने लिहिलेस. अगं, पण तीही ओळ उघड ना! संत जेरोमच्या बायबलच्या लॅटिन भाषांतरात त्या जागी ‘फ्रुक्टुस’ आहे, म्हणजे पुन्हा फळच. चुकीचे सुबक स्पष्टीकरण मिळाले की आपण शोध थांबवतो. 1504 साली जर्मन चित्रकार ड्यूररने हव्वेच्या हाती सफरचंद दिले आणि काही वर्षांतच व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलच्या छतावर मायकेलअँजेलोने अंजिराचे झाड रंगवले. ही दोन चित्रे शेजारी ठेवून लिहिलेस, तर परिच्छेद आपोआप उभा राहील.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो, तेही ऐक. तीस वर्षांपूर्वी मुलांसाठी धर्मकथांचे एक पुस्तक मी संपादित केले. चित्रकाराने लालभडक सफरचंद काढले आणि मी ते जाऊ दिले. एका निवृत्त शिक्षिकेचे पोस्टकार्ड आले: ‘आमच्या शास्त्रात फळ आहे, सफरचंद आपण कोठून आणलेत?’ मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी चित्र बदलायला पैसे नाहीत असे मी सर्वांना सांगितले. पैसे होते, लाज आड आली. तेव्हापासून मूळ ओळ पाहिल्याशिवाय मी एकही मजकूर पुढे जाऊ दिलेला नाही. त्यापायी कामे गेली, आणि मला किरकोळ चुका उकरणारा म्हातारा म्हणतात. म्हणोत. किरकोळ चूक म्हणजे जिची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही ती, असे माझे मत झाले आहे, आणि ते मी बदलणार नाही.

श्रद्धावानांची मने दुखावतील का, हा तुझा प्रश्न मला आवडला. प्रतीक रूढीने आले म्हणून खोटे होत नाही. युरोपातले ज्यू नववर्षाला सफरचंद मधात बुडवून खात आले. कोकणातले बेने इस्रायल ज्यू त्याच दिवसाला ‘नव्याचा सण’ म्हणत आले, आणि त्यांच्या मलिदा या आभाराच्या विधीच्या ताटात पोहे, ओले खोबरे, साखर व फळे असतात. कोणाची रूढी कोणती एवढे नेमके सांगितलेस, तर कोणी दुखावण्याचे कारण नाही.

एक जागा तू उघडलीच नाहीस, आणि ती तुझ्या शीर्षकातच आहे. ‘सफरचंद’ हा शब्द अरबी ‘सफरजल’वरून आलेला आहे, आणि सफरजल म्हणजे सफरचंद नव्हेच, ते बिही नावाचे वेगळे फळ, ज्याच्या बिया काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात. एदेनच्या फळाला चुकीचे नाव देणाऱ्यांना तू हसलीस, आणि हसताना जो शब्द वापरलास तोही दुसऱ्याच फळाचा निघाला. लेखाची सुरुवात येथून कर. ‘प्राचीन काळापासून’ हे शब्द तीनदा आले आहेत, ते तिन्ही काढ. सुधारलेला मजकूर शुक्रवारपर्यंत टपालात टाक. मी शनिवारी घरीच आहे.

तुझा,
काका