शिक्का कुठाय?

मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणारं कुणी मनातला खरा प्रश्न सरळ विचारत नाही. "मोबाइलमधलं आपल्याला काही कळत नाही हो," इथून सुरुवात होते. मग "हल्ली लोकांचे पैसे जातात म्हणे" येतं. आणि उठता उठता, चपलांत पाय सरकवताना, खरं काय ते बाहेर पडतं: "पोरानं त्याच फोनवर चोरीचे पिक्चर उतरवलेत. त्यात सरकारचं अ‍ॅप टाकलं तर त्यांना कळणार नाही का? घरी पोलीस येतील का?"

आबांनी तर चपला घालतानासुद्धा सांगितलं नाही. त्यांना तीन भेटी लागल्या, आणि त्यातल्या पहिल्या दोन माझ्यामुळे वाया गेल्या.

(नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. आबांना विचारूनच लिहितेय. "लिवा की," म्हणाले, "पण कारखान्याचं नाव घालू नका.")

आबा कराडजवळच्या एका गावचे. वय ६९. साखर कारखान्यात एकतीस वर्षं फिटर. ईपीएस ९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची पेन्शन, दोन हजारांच्या आतबाहेर. एवढ्याशा पैशात काय होतं असं कुणी म्हटलं, तर त्यानं आबांसारख्याच्या घरात महिनाभर राहून बघावं. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घर सुनेच्या हातात. त्यात स्वतःच्या बीपीच्या गोळ्या आणि तंबाखू दुसऱ्यापुढे हात न पसरता आणता येणं, ही त्या दोन हजारांची खरी किंमत.

ती पेन्शन दोन महिने बंद पडली होती, कारण हयातीचा दाखला दिला नव्हता. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचीच अट नाही. वर्षात कधीही दाखला द्या, तो दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. आबांची मुदत टळून गेली होती आणि ते हलायला तयार नव्हते. सूनबाई त्यांना घेऊन आली ती या तक्रारीनं. "मोबाइल नुसता समोर धरला तरी ह्यांचे हात थरथरतात. सेवा केंद्रात चला म्हटलं तर जेवण सोडून उठतात. आधी असे नव्हते हो. विसरायला लागलेत की काय, मला तर भीती वाटतीय."

मी आबांना विचारलं. त्यांनी उजवा हात पुढे केला. "अंगठा उठत न्हाई."

खरंच उठत नव्हता. एकतीस वर्षं पाना, ग्रीस आणि गरम पाइप. बोटाच्या पेरावर रेषाच उरल्या नव्हत्या, जुन्या रुपयासारखं गुळगुळीत. गेल्या वर्षी केंद्रावर मशीननं सात वेळा लाल दिवा दाखवला होता आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं होतं.

झालं. मला वाटलं, सापडलं. म्हातारपण, अपमान, नवं तंत्र, त्यातून आलेली धास्ती. आमच्या धंद्यात असे कप्पे तयार असतात आणि माणूस दारातून आत येईपर्यंत आपण कप्पा उघडून बसलेलो असतो. मी त्यांना श्वासाचा व्यायाम दिला. जीवन प्रमाणमध्ये, म्हणजे हयातीच्या ऑनलाइन दाखल्याच्या सरकारी सोयीत, २०२१पासून चेहऱ्यावरूनही दाखला निघतो, अंगठ्याची गरजच नाही, हे मोठ्या उत्साहानं समजावलं. रोज पाच मिनिटं फोन हातात घ्यायचा, नातवंडांचे फोटो बघायचे, असा गृहपाठ दिला. आबांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला आले तेव्हा गृहपाठ अजिबात केलेला नव्हता, आणि "चेहरा" शब्द निघाला की ते आणखीच आक्रसत होते. अंगठ्याचीच अडचण असती तर चेहरा ऐकून बरं वाटायला हवं होतं. हे माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले.

तिसऱ्या भेटीत मी उपाय बाजूला ठेवले आणि एवढंच विचारलं, "आबा, नको असं पहिल्यांदा कधी वाटलं? दिवस आठवतो का?"

ते म्हणाले, "दार लावा."

रात्रीची वेळ. नातू ओंकार, बारावीत, सोप्यात खाटेवर पालथा पडून मोबाइल बघत होता. आबा पाणी प्यायला उठले. पडद्यावर एकदम निळं-लाल पान आलं, वर अशोकस्तंभ, खाली पोलिसांचं चिन्ह, आणि मोठ्या अक्षरांत दंडाचा आकडा. ओंकारनं घाबरून फोन उशीखाली दाबला. आबा काही न बोलता परत जाऊन झोपले. म्हणजे आडवे झाले.

"शिक्का होता ताई सरकारचा. उभ्या जन्मात गेटपास आन् सातबारा बघितल्यात, शिक्का वळखतो मी."

"मग तुम्ही ओंकारला विचारलं नाहीत?"

"काय विचारू? पोरगं घाबरलं हुतं. आन् त्या फोनातलं सिम माझ्या नावावर हाय."

हे होतं खरं कारण. ओंकार सतराचा, त्याच्या नावावर सिम मिळत नव्हतं म्हणून आबांच्या आधारवर घेतलेलं. घरातला स्मार्टफोन तो एकच. आबांचा हिशेब अगदी सरळ होता: सिम माझं, म्हणजे गुन्हा माझ्या नावावर. आता मी चेहरा दाखवला, आधार नंबर टाकला, की ते दोन्ही जुळवतील. मी कबूल झालो तर मला धरतील, नाही झालो तर पोराला. त्यापेक्षा पेन्शन गेलेली बरी. "मी हयात हाय असं सांगाया जायचं म्हंजी पत्ता पन सांगावा लागनार की."

मी ओंकारला एकट्याला बोलावलं. येईल असं वाटलं नव्हतं, पण आला, आणि बसताक्षणी रडला. त्यालाही तीन महिने झोप नव्हती. मित्रानं सांगितलं होतं की आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या फोनच्या क्रमांकावरून, घर सापडतं. बाईसाहेबांच्या, म्हणजे आईच्या, पाठी लागण्याला कंटाळूनही हा पठ्ठ्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज 'आपले सरकार' या सरकारी साइटवर भरत नव्हता, "साइट चालत नाही" म्हणून टोलवत होता. एकाच घरात, एकाच रात्रीपासून, दोघं एकमेकांपासून लपवून एकमेकांना वाचवत होते. आणि सूनबाईला वाटत होतं, एक विसराळू झालाय आणि दुसरा आळशी.

ओंकारनं त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. आम्ही तो मोठा करून बघितला. दंड एकोणतीस हजार आणि काही. खाली कार्डाचा नंबर टाकायचे चौकोन, त्याखाली सहा तासांची मुदत. वरच्या पट्टीतला पत्ता मात्र निरर्थक अक्षरांची माळ, शेवटी सरकारी साइटचं गव्ह डॉट इन नाहीच. मी त्याला विचारलं, "पोलीस पंचनामा न करता, नाव न विचारता, कार्डाचा सीव्हीव्ही मागतात का रे?" तो पहिल्यांदा हसला. असली पानं फुकट सिनेमांच्या साइटवरच्या जाहिरातींतून उघडतात. पान बंद केलं की खेळ खल्लास. 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' म्हणत खोट्या पोलिसांचे जे व्हिडिओ कॉल येतात तेही याच जातीचे. अशी कुठलीही अटक आपल्या कायद्यात नाही, हे खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं.

पण मी त्याला "काही होत नाही, बघ बिनधास्त" असंही म्हटलं नाही. खोटा दिलासा चार दिवस टिकतो. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलेला आहे. बंद केलेल्या साइटवर पूर्वी जो इशारा यायचा, त्यात नुसतं पाहणंसुद्धा गुन्हा असल्यासारखं लिहिलेलं असे. ऑगस्ट २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यावर बोट ठेवलं: नुसतं पाहणं हा या कायद्याखालचा गुन्हा नव्हे, परवानगीवाचून वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं, भाड्यानं देणं हा गुन्हा. हे ऐकून ओंकारचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. कारण टेलिग्रामवरून उतरवलेले चार सिनेमे त्यानं वर्गाच्या ग्रुपवर टाकले होते. म्हणजे वाटले होते. टॉरेंटचंही तसंच, तिथे उतरवता उतरवता तुमचाच फोन दुसऱ्याला तुकडे पुरवत असतो. मी म्हटलं, "पोलीस तुझ्या दारात येतील असं मला वाटत नाही. पण तू कुठल्या बाजूला उभा आहेस ते तुला कळलं पाहिजे." त्यानं माझ्यासमोर ग्रुपमधून ते काढून टाकले.

मग आबांचा प्रश्न: सरकारी अ‍ॅपला आतले सिनेमे दिसतात का? हा माझा प्रांत नाही, म्हणून ओळखीच्या सेवा केंद्रातल्या मुलाला बसवलं. त्यानं छान सांगितलं. अ‍ॅप म्हणजे घरात आलेला पाहुणा, ज्या खोलीचं दार तुम्ही उघडाल तेवढीच त्याला दिसते. चेहऱ्यावरून दाखला काढायला कॅमेरा लागतो, तो त्याला द्यायचा. त्यासाठी तुमचे सिनेमे कुणी चाळत बसत नाही.

हे दाखवताना त्यानं ओंकारच्या फोनमधली परवानग्यांची यादी उघडली आणि गप्प झाला. सिनेमा 'बघण्यासाठी' म्हणून चॅनलवाल्यानं पाठवलेला एक प्लेअर होता, प्ले स्टोअरवरचा नव्हे, एपीके फाइलमधून टाकलेला. त्याला मेसेज वाचायची मुभा होती. अ‍ॅक्सेसिबिलिटीसुद्धा, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचायची मुभा, चालू. सिनेमा दाखवणाऱ्याला मेसेज कशाला वाचायचे असतात? आणि सिम आबांचं, म्हणजे बँकेचे ओटीपी याच फोनवर येणार. तीन महिने सगळं घर खोट्या पोलिसाला भीत होतं आणि चोर निवांत आत बसला होता. पैसे गेले नव्हते ते नशीब. किंवा खात्यात जायला काही नव्हतं, असंही म्हणता येईल.

बँकेत दुसऱ्या फोनवरून चौकशी केली, पासवर्ड बदलले, मग फोन पूर्ण पुसून नव्यानं सुरू केला. पैसे गेले असते तर पहिल्या तासाभरात १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा होता, हे आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, जाड मार्करनं. नातेवाइकांच्या घरी अशीच भीती दिसली तर तुम्हीही आधी परवानग्यांची यादी बघा. सरकारचं काय करायचं ते नंतर.

आता दोघांना समोरासमोर बसवायचं राहिलं होतं. मी तयारी करून गेले होते, पण माझी गरज पडली नाही. आबा ओंकारला म्हणाले, "सुट्टी झाल्यावर गेटवर आमची झडती हुयाची. एकतीस वर्सं रोज. खिशात मूठभर साखर घावली तरी मानूस घरी. मला लाज वाटायची झडतीची. पन त्यादिवशी तुझा मोबाइल बघितला आन् वाटलं, माझ्या खिशात साखर घावली." ओंकार काहीच बोलला नाही. नंतर बराच वेळ आबांचा अंगठा हातात धरून बघत होता.

माझ्या घरातल्या कपाटातही एक जुना पेनड्राइव्ह आहे. कुणी दिला, त्यात काय आहे, मला नीट ठाऊक आहे. त्या रात्री मी तो काढला आणि परत ठेवला. एवढंच सांगते.

चेहऱ्याचं काम आबांच्याच अंगणात झालं, सकाळी, कारण सोप्यात उजेड कमी पडत होता. दोन अ‍ॅप लागतात, दोन्ही प्ले स्टोअरवरून घेतली. आधी फोन चालवणाऱ्याचा चेहरा नोंदवायचा असतो, तिथे सूनबाई उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा करून. मग आबा. त्यांनी टोपी काढली, परत घातली, "फोटोला टोपी चालती का" विचारलं, शेवटी काढली. गोल चौकटीत चेहरा बसवायचा आणि डोळे मिचकावायचे. आबा डोळे मिटूनच घेत होते, फोटोग्राफरपुढे ताठ बसणाऱ्या नवरदेवासारखे. तिसऱ्यांदा ओंकार म्हणाला, "आबा, आजीकडं बघून मिचकावा." आतून आजीचा आवाज आला, "मेल्या!" आणि जमलं. थोड्या वेळानं प्रमाण क्रमांकाचा मेसेज आला. पुढे थकबाकीसकट पेन्शन जमा झाली.

मागच्या महिन्यात आबा पुन्हा आले होते, स्वतःहून, एकटेच. सोसायटीच्या पीककर्जासाठी सातबारा लागत होता. ओंकारनं पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा काढून दिला होता, छापून, घडी न घालता प्लास्टिकच्या पाकिटात. आबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत उलटापालटा केला.

"सगळं बरोबर हाय," म्हणाले, "पन शिक्का कुठाय?"

मी क्यूआर कोडवर बोट ठेवलं. त्यांनी गुळगुळीत अंगठा त्यावरून दोनदा फिरवला, काही हाताला लागतंय का बघितलं, आणि म्हणाले, "तरी बी जाताना तलाठ्याला दाखवून येतो."