भ्रूणाच्या वतीने होकार कोणी द्यावा?

प्रश्न : सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांवर जनुक-संपादनाचे उपचार होतात, मग चीनमध्ये २०१८ साली जन्मलेल्या जुळ्या मुलींवरील प्रयोग निंद्य का ठरला?

उत्तर : तंत्र दोन्हीकडे क्रिस्परचेच, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापून बदलण्याचे, असले, तरी सिकलसेलच्या उपचारात रुग्णाच्याच रक्तपेशी तयार करणाऱ्या मूलपेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून त्याला परत दिल्या जातात आणि तो बदल त्याच्यापुरताच राहतो. चीनमधील त्या प्रयोगात शास्त्रज्ञ हे ज्यानक्वी यांनी मात्र, एचआयव्हीला पेशीत शिरायला वाट देणाऱ्या सीसीआर-५ या जनुकात थेट भ्रूणातच फेरफार केला, जो पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो. मुलींच्या वडिलांना एचआयव्ही होता हे खरे. परंतु त्याची लागण टाळण्यासाठी वीर्यातून शुक्राणू धुऊन वेगळे घेण्याची रुळलेली पद्धत उपलब्ध असताना निरोगी भ्रूणांवर ही जोखीम लादणे मला अक्षम्य वाटते. २०१९ मध्ये ज्यानक्वी यांना ३ वर्षांचा तुरुंगवास झाला. मुलींना मात्र तो बदल जन्मभर वागवायचा आहे.