महिंद्राच्या जुन्या थार सीआरडीईला (डिझेल थारला) पुढे सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड एक्सल, बसवावा का?

गाडी मुख्यतः रस्त्यावर चालत असेल तर बसवू नका; फक्त खडकाळ ऑफ-रोडिंगसाठी ठेवली असेल तरच विचार करा. 2010 साली आलेल्या या थारला पुढे टॉर्शन बारचं (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचं) इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलू देणारं, सस्पेन्शन आहे, त्यामुळे चाकाची वर-खाली हालचाल मर्यादित राहते. सॉलिड एक्सलवर एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, म्हणून पकड टिकते. खरा खर्च एक्सलचा नसतोच: चेसिसला स्प्रिंगचे नवे ब्रॅकेट, बदललेलं स्टिअरिंग लिंकेज, लांब ब्रेक होज, बहुधा नवा प्रॉपेलर शाफ्टही (एक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा). (हे सगळं ऐकून घाम फुटला असेल तर पुढे-मागे कारखान्यातूनच सॉलिड एक्सल असलेली जुनी मारुती जिप्सी बघा.) एक्सल घेण्याआधी तपासा:

- एक्सलचं डिफरेन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा) हे ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद देणाऱ्या गिअरबॉक्सच्या) पुढच्या आउटपुटच्याच बाजूला हवं.
- क्राऊन-पिनियनचं (डिफरेन्शियलमधल्या मुख्य गिअरजोडीचं) गुणोत्तर मागच्या एक्सलइतकंच हवं. नाहीतर फोर-व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात आणि कमकुवत भाग तुटतो.

मात्र मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना आडवं येतं, तेव्हा वेल्डिंगला हात घालण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.